होस्ट बदलला आणि गूगलवरचे वाचक निम्मे झाले. नक्की काय बिघडलं?

चक्रधर
८ तारीख, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागून ठेवतो.

सायकल दुरुस्तीवर माझी एक हौशी साइट आहे. अकरा वर्षं झाली, नऊशेच्या आसपास लेख आहेत, वर्डप्रेसवर चालते. मी तांत्रिक माणूस नाही. चेनला तेल कुठे सोडायचं ते कळतं, सर्व्हरला कुठे सोडायचं ते कळत नाही.

जुना होस्ट (साइट जिच्या सर्व्हरवर राहते ती कंपनी) फार रडत होता, म्हणून गेल्या महिन्याच्या २ तारखेला नवीन होस्टवर गेलो. डोमेन तेच, लेखांचे पत्ते तेच, थीम तीच. एका प्लगइनने सगळ्याची नक्कल करून नव्या जागी नेऊन ठेवली. मग डोमेन जिथून घेतलंय तिथे जाऊन ए रेकॉर्डमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदीत, नवा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) टाकला. दुसऱ्या दिवसापासून साइट नव्या घरातून उघडायला लागली, आधीपेक्षा कितीतरी भरभर. खूश होतो.

दोन-अडीच आठवडे सगळं सुरळीत. जुन्या होस्टची मुदत २० तारखेला संपत होती, ती संपू दिली. त्यानंतर पाचसहा दिवसांत गूगलवरून येणारे वाचक गळायला लागले ते आता निम्म्यावर आलेत. 'चेन वारंवार का उतरते' हा माझा सगळ्यात जुना लेख कित्येक वर्षं पहिल्या पानावर असायचा. आता अख्खं शीर्षक टाकून शोधलं तरी सापडत नाही.

गूगलला आपली साइट कशी दिसते ते साइटमालकाला दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये 'सापडलं नाही (४०४)' या यादीत दीडशेच्या वर पानं आली आहेत. त्यातलं कुठलंही पान उघडा, छान उघडतं! 'दुरुस्ती तपासा' असं बटण होतं ते दाबलं, चार दिवसांनी 'अयशस्वी' आलं.

होस्ट बदलला की गूगल साइटला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं करतं का? नव्या आयपीवर आधी कोणी काळे धंदे केले असतील का? परत जुन्या होस्टकडे जावं का? झोप उडाली आहे.

झटपट
८ तारीख, रात्री १०:३१

आयपी बदलला की साइटचं वय शून्य होतं. गूगल नव्या आयपीला सहा महिने कोपऱ्यात बसवतं. शेअर्ड होस्टिंगवर असाल तर शेजारच्या साइटींची पापंही तुमच्या माथी येतात. लगेच डेडिकेटेड आयपी घ्या आणि सर्व्हर वाचक ज्या देशात आहेत तिथेच ठेवा. आणि सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचं कळवायचं साधन आहे, ते वापरलं नसणार तुम्ही.

निवांत_वाचक
८ तारीख, रात्री ११:०२

सेटिंग्जमध्ये 'वाचन' या पानावर शोधयंत्रांना मनाई करणारी एक चौकट असते, तिच्यावर टिचकी राहिली नाही ना बघा. मी चाचणीच्या प्रतीवर ती मुद्दाम लावली होती आणि तीच प्रत जशीच्या तशी खऱ्या साइटवर चढवली. नऊ दिवस पत्ता नाही. वर्डप्रेस ५.३ पासून ती टिचकी पानाच्या डोक्यात थेट 'नोइंडेक्स' लिहिते, म्हणजे गूगलला पान वाचू देते आणि वाचून झाल्यावर 'हे दाखवू नकोस' म्हणून सांगते. नऊ दिवस मी साइटचा वेग मोजत बसलो होतो :(

कळफलक
९ तारीख, सकाळी ७:४८

चक्रधर, परत जुन्याकडे जायचं नाव सध्या काढू नका. कारण माहीत नसताना दुसऱ्यांदा हललात तर शोधायच्या जागा दुप्पट होतील.

झटपटराव, तुमची कळकळ पोचली, पण एकेक घेतो. शोधयंत्राच्या हिशोबात साइटची ओळख म्हणजे तिचे पत्ते, आयपी नव्हे. पत्ते न बदलता होस्ट बदलण्यावर गूगलचं स्वतःचं मदतपान आहे. नव्या जागी नक्कल करा, तपासा, डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) बदला, दोन्हीकडच्या सर्व्हरवरच्या भेटींच्या नोंदी बघत राहा, जुन्या जागेवरची वर्दळ शून्यावर आली की ती जागा बंद करा, एवढंच त्यात आहे. हलल्यावर गूगलबॉटच्या (पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामच्या) फेऱ्या थोडे दिवस खालीवर होतात हेही तिथे लिहिलंय. वय शून्य होणं वगैरे त्यात काही नाही.

शेअर्ड आयपीवर असंख्य साइटी चालतात. सीडीएनच्या (साइटीच्या नकला जागोजागी ठेवून वाचकाला जवळून देणाऱ्या सेवेच्या) मागे असलेल्या मोठमोठ्या साइटीसुद्धा आयपी वाटूनच वापरतात. शेजाऱ्याच्या पापाचा जाच ईमेलला होतो, तिथे आयपीची पत खरोखर बघितली जाते. तो नियम उचलून लोक शोधाला लावतात.

सर्व्हर कुठल्या देशात आहे हा फार तर हलका इशारा. डोमेनचं शेपूट आणि एचरेफलँगच्या (पान कुठल्या भाषेसाठी-देशासाठी आहे ते सांगणाऱ्या) खुणा त्याहून जास्त बोलतात. सर्व्हरचं अंतर जाणवतं ते वेगात.

वेगाचं म्हणाल तर तो मोजला जातो हे खरं. डेस्कटॉपसाठी २०१० पासून, मोबाइलसाठी जुलै २०१८ पासून, आणि २०२१ पासून कोअर वेब व्हायटल्स ही तीन मापं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, टिचकीला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, पान उघडताना उड्या मारू नये. पण हे आकडे खऱ्या वाचकांच्या मागच्या २८ दिवसांतल्या भेटींवरून निघतात, त्यामुळे होस्ट बदलल्याचा फायदा-तोटा दुसऱ्या दिवशी दिसत नाही. आणि वेगामुळे पान दोनचार पायऱ्या सरकेल, यादीतून नाहीसं होणार नाही. तुमचं तर नाहीसं झालंय.

पत्ता बदलल्याचं कळवायचं साधन डोमेन बदलणाऱ्यांसाठी असतं. इथे डोमेन तेच आहे, ते वापरायचं कारण नाही.

मला दोन गोष्टी खटकतात. घसरण २ तारखेनंतर लागली नाही, २० नंतर लागली. आणि गूगल ज्या पानांना ४०४ म्हणतंय ती तुम्हाला उघडताहेत. म्हणजे गूगलला कुठेतरी तुमच्यापेक्षा वेगळं काही दिसतंय. आता हे सांगा:

सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये 'क्रॉल स्टॅट्स' (गूगलबॉटच्या फेऱ्यांचा हिशोब) आहे, तिथे होस्ट स्टेटस काय म्हणतंय आणि प्रतिसादांत ४०४चं प्रमाण किती? नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की फक्त रेकॉर्ड? नव्या होस्टवर काही फायरवॉल किंवा बॉट अडवणारी सोय? जुना सर्व्हर अपाचे आणि नवा एनजिनेक्स (पानं वाढणाऱ्या प्रोग्रामची ही नावं) असं आहे का?

आडवातिडवा
९ तारीख, सकाळी ९:२०

अपाचे-एनजिनेक्स या प्रश्नाला +१. मी यात व्यवस्थित पोळलोय.

माझ्या साइटचे पत्ते फार पूर्वी एकदा बदलले होते आणि जुन्यावरून नव्यावर नेणारे तीनेकशे ३०१ ('पान कायमचं तिकडे गेलंय' अशा सूचना) अपाचेच्या डॉटएचटीअॅक्सेस या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पडून होते. होते हेच विसरलो होतो. नवा सर्व्हर एनजिनेक्सचा. तो ती फाइल वाचतच नाही! एररही देत नाही, ढुंकूनच बघत नाही. मुखपृष्ठ चालतं, मेनू चालतो, आतले दुवे चालतात, म्हणून मी निश्चिंत. आणि दहा वर्षांत इतरांनी आपापल्या साइटींवरून दिलेले सगळे दुवे जुन्या पत्त्यांवर होते, ते ४०४ला जाऊन आपटत होते. दुसऱ्यांनी दिलेल्या दुव्यांची पुण्याई अशी गटारात गेली.

याचाच भाऊ म्हणजे विंडोज सर्व्हरवरून लिनक्सवर जाणं. तिकडे कॅपिटल-स्मॉल अक्षरं सारखी धरली जातात, इकडे तो वेगळा पत्ता होतो.

रच्याकने, म्हणजे जाता जाता, आपल्यासारख्या देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा. पत्त्यात देवनागरी असेल तर प्रत्येक खुणेचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हं, म्हणजे एका खुणेला नऊ. काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये त्या रकान्याला २०० चिन्हांची मर्यादा, त्यामुळे बावीसेक खुणांनंतर पत्ता कापला जातो. माझ्या एका लेखमालेतल्या सगळ्या शीर्षकांची सुरुवात एकच होती, म्हणून कापल्यावर सगळ्यांचे पत्ते सारखे झाले आणि वर्डप्रेसने मागे २, ३, ४ असे आकडे लावले. हलताना मी ती मालिका हाताने नव्याने चढवली, जरा उलटसुलट क्रमाने. तिसऱ्या भागाच्या पत्त्यावर पाचवा भाग! ४०४ नाही, एरर नाही, काही नाही. वाचकाने कळवलं तेव्हा कळलं.

चित्रांच्या फाइलींना देवनागरी नावं असतील तर झिप करून नेताना तपासा. दुसऱ्या टोकाला उलगडताना नावांचा पार विचका होऊ शकतो. चित्रांवरून येणारे वाचक मग विसरा.

खारूताई
९ तारीख, दुपारी १:०५

मी पुढच्या आठवड्यात हलणार होते, हा धागा वाचून हातपाय गार पडलेत. टीटीएल कमी करा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते नक्की किती आणि कधी? आणि हलवताना 'काम चालू आहे' अशी पाटी लावून ठेवली तर चालेल ना?

कळफलक
९ तारीख, दुपारी २:३०

खारूताई, टीटीएल म्हणजे 'हे उत्तर इतके सेकंद लक्षात ठेव, मग पुन्हा विचारायला ये' अशी सूचना. ८६४०० असेल तर दिवसभर लोक जुनाच आयपी धरून बसतील. तो ३०० करा, पण हलण्याच्या दिवशी नव्हे. जुनं ८६४०० लोकांच्या लक्षात आधीच बसलेलं असतं, ते विसरलं जाईपर्यंत थांबावं लागतं. चारपाच दिवस आधी केलंत की पुरे. सगळं स्थिर झालं की परत वाढवा.

पाटीचं म्हणाल तर शक्यतो लावूच नका. दोन्ही सर्व्हर एकदम चालू ठेवले तर साइट एक मिनिटही बंद करावी लागत नाही. लावलीच तर ती ५०३ ('सध्या तात्पुरतं बंद') या संकेताने जायला हवी. बरेच प्लगइन 'काम चालू आहे' हे पान २०० ('सगळं ठीक') म्हणून पाठवतात. मग गूगलच्या दृष्टीने तुमच्या सगळ्या लेखांचा मजकूर आता 'काम चालू आहे' एवढाच झाला. ५०३ असेल तर बॉट 'बरं, नंतर येतो' म्हणून परत जातो. मात्र दिवसेंदिवस तेच मिळत राहिलं तर पानं यादीतून काढायला लागतो.

रोबोट्स फाइल (बॉटने कुठे फिरायचं नाही ते सांगणारी) हा आणखी नाजूक भाग. ती सापडली नाही, म्हणजे ४०४ आलं, तर गूगल 'काही बंधन नाही' असं धरतं. पण तिच्यावर ५०० (सर्व्हरमधला बिघाड) किंवा ५०३ आलं तर अख्ख्या साइटीवरची फेरी थांबवतं, पहिले १२ तास तरी. एका चिमुकल्या फाइलमुळे नऊशे लेख अडकतात.

नव्या सर्व्हरची तपासणी डीएनएस बदलायच्या आधी करा. आपल्या संगणकावरच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनसमोर नवा आयपी लिहिला की फक्त तुम्हाला नवी साइट दिसते, जग जुनीच बघत असतं. होस्ट जो तात्पुरता पत्ता देतो त्याच्यावर तपासणी केलीत तर तो पत्ता शोधयंत्रांना बंद ठेवा, नाहीतर साइटीची जुळी बहीण गूगलमध्ये हिंडायला लागते.

चक्रधर
९ तारीख, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. एकेक उत्तर देतो.

निवांत_वाचक, ती टिचकी नाही, तीनदा बघितलं.

कळफलक, होस्ट स्टेटसला हिरवी खूण आहे, काही अडचण नाही म्हणतंय. पण प्रतिसादांच्या कोष्टकात ४०४ जवळजवळ एक तृतीयांश! आधी दोनचार टक्के असायचं. उदाहरणं उघडून बघितली. एकच पान सकाळी २०० आणि संध्याकाळी ४०४. पान तपासायच्या साधनात 'लाइव्ह चाचणी' केली तर एकदा पास, अर्ध्या तासाने नापास. मी मधे काहीही केलेलं नाही, शपथ.

नेमसर्व्हर बदललेले नाहीत, डोमेनवाल्याकडेच आहेत. तिथे फक्त ए रेकॉर्ड बदलला. फायरवॉलबद्दल नव्या होस्टला विचारलं, ते म्हणाले गूगलबॉटला अडवलेलं नाही, आणि नोंदींची फाइल पाठवली. त्यात गूगलबॉट दिसतो, बहुतेक सगळीकडे २०० आहे. ४०४ हातावर मोजण्याइतके! म्हणजे सर्च कन्सोल एक सांगतंय, सर्व्हर दुसरंच.

जुना अपाचे, नवाही अपाचे.

याचा संबंध असेल-नसेल, पण सांगून ठेवतो. हलल्यानंतरच्या आठवड्यात दोन वाचकांनी लेखाखाली प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. मला सूचनेची ईमेल आली, साइटवर जाऊन बघतो तर प्रतिक्रिया नाहीत. नक्कल करताना काहीतरी राहिलं असेल म्हणून सोडून दिलं. आणि परवा एकाने कळवलं की घरच्या वायफायवर साइट दिसते, मोबाइल डेटावर 'ही साइट उपलब्ध नाही' असं पान येतं. त्याच्या फोनचा घोळ असणार.

भिंगरी
९ तारीख, रात्री १०:०६

थांबा. हलवल्यानंतर आलेल्या प्रतिक्रिया नक्कल करताना कशा राहतील? नक्कल तर आधी झाली होती. त्या लिहिल्या गेल्या कुठे?

आणि त्याच्या फोनला दोष देऊ नका. मोबाइल डेटा बहुतेकदा आयपीव्ही६वर, म्हणजे आयपीच्या नव्या पद्धतीवर (जुनी ती आयपीव्ही४), असतो.

डोमेनवाल्याकडच्या रेकॉर्डांच्या यादीत एएएए, म्हणजे चार वेळा ए, असं काही दिसतंय का बघा. ए रेकॉर्ड आयपीव्ही४चा, एएएए आयपीव्ही६चा. तुम्ही पहिला बदललात. दुसरा असेल तर तो अजून जुन्या होस्टकडे बोट दाखवत उभा आहे.

चक्रधर
९ तारीख, रात्री १०:२९

आहे.

लांबलचक आकडे-अक्षरं आणि मधे दोन-दोन टिंबं. मी ते काहीतरी ईमेलचं असेल म्हणून हात लावला नव्हता. आता आठवतंय, बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या होस्टच्या मदतवाल्याने दोन ओळी पाठवून 'या दोन्ही टाका' म्हटलं होतं. टाकल्या आणि विसरलो. माझ्या घरचं नेट बहुतेक आयपीव्ही४चंच असावं, म्हणून मला कधी दिसलंच नाही.

हात थरथरताहेत. काढून टाकू का?

भिंगरी
९ तारीख, रात्री १०:३३

काढा. नवा होस्ट आयपीव्ही६ देत असेल तर त्यांचा आकडा नंतर सावकाश टाका, घाई नाही. नसेल देत तर नुसता ए पुरतो, त्याने शोधातली जागा कमी होत नाही. तीन डब्ल्यूवाला पत्ता वेगळा नोंदवलेला असेल तर त्याचाही एएएए बघा.

कळफलक
१० तारीख, सकाळी ८:११

भिंगरीताई, दंडवत. फायरवॉलच्या नादात मी ही शक्यता यादीत धरलीच नव्हती.

आता सगळं जुळतं. २ तारखेपासून साइट दोन घरांतून चालू होती. आयपीव्ही४वाले नव्या घरी, आयपीव्ही६वाले जुन्या. दोन्हीकडे लेख तेच, म्हणून गूगलला काही फरक पडला नाही आणि तुम्हालाही काही जाणवलं नाही. त्या दोन प्रतिक्रिया जुन्या घरात लिहिल्या गेल्या. २० तारखेला जुनं खातं थांबलं, पण तो सर्व्हर मेला नाही, तो इतरांच्या साइटी चालवतोच आहे. तुमचं नाव घेऊन आलेल्यांना तो 'उपलब्ध नाही' असं पान ४०४सकट देत राहिला. गूगलबॉट दोन्ही वाटांनी येऊ शकतो. ज्या फेऱ्या आयपीव्ही६ने झाल्या त्या तिकडे जाऊन आपटल्या. तुमच्या नव्या सर्व्हरच्या नोंदीत त्या दिसणार कशा, त्या तिथे आल्याच नाहीत.

सर्व्हर पूर्ण बंद असता तर उलट बरं झालं असतं. ब्राउझरला आयपीव्ही६वर जोडणी मिळाली नाही तर तो मुकाट्याने आयपीव्ही४ वापरतो. इथे जोडणी मिळत होती, उत्तरही मिळत होतं, फक्त उत्तर चुकीचं होतं. जुन्या सर्व्हरवर तुमचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही शिल्लक असणार (लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं ९० दिवस चालतं), म्हणून ब्राउझरने सुरक्षेची कुरकुरही केली नाही. होस्ट स्टेटस हिरवं राहिलं तेही त्यामुळेच. नाव सापडतं, सर्व्हर उचलतो, रोबोट्स फाइलला ४०४ मिळतं म्हणजे बंधन नाही. बॉटच्या मते तुमचा सर्व्हर ठणठणीत होता, तुम्ही लेख काढून टाकत होतात इतकंच.

आता करायचं फार नाही. एएएएच्या टीटीएलएवढा वेळ जाऊ द्या, मग लाइव्ह चाचणी दहाबारा वेळा वेगवेगळ्या पानांवर करा. सगळ्या पास झाल्या की ४०४च्या यादीवर 'दुरुस्ती तपासा' परत दाबा. वाचकांचे लाडके पंधरावीस लेख हाताने अनुक्रमणासाठी (गूगलच्या यादीत घेण्यासाठी) सुचवा, दीडशेच्या दीडशे सुचवत बसू नका, रोजची मर्यादा असते. साइटमॅप (साइटीवरच्या पानांची यादी) सर्च कन्सोलमध्ये दिलेला आहे ना एवढं बघा. साइटमॅप बदलला की गूगलला टिचकी मारून कळवायची जुनी वाट २०२३ मध्ये जाहीर करून बंद केली आहे. बिंगसाठी इंडेक्सनाऊचं (पान बदललं की शोधयंत्राला कळवणारं) प्लगइन चालेल, पण गूगल ते वापरत नाही.

झटपट
१० तारीख, सकाळी ८:५५

म्हणजे शेवटी आयपीचाच घोळ निघाला की नाही? पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

भिंगरी
१० तारीख, सकाळी ९:०२

कावळा बसायला आणि फांदी मोडायला... कृहघ्या (कृपया हलकं घ्या) :)

आता हा धागा वाचून कोणी 'मग नेमसर्व्हरच बदलतो, सगळं एकदम नवं' असं करणार असेल तर त्याआधी थोडं ऐका. नेमसर्व्हर बदलले की जुन्या यादीतलं जे जे नव्या यादीत हाताने लिहिलं नाही ते ते गेलं. ईमेलचे एमएक्स रेकॉर्ड, आणि सर्च कन्सोलला मालकी पटवणारा टीएक्सटी रेकॉर्डसुद्धा. म्हणजे घसरण लागली तर ती बघायची खिडकीही बंद! हलण्याआधी जुन्या यादीचं पान छापून किंवा चित्र काढून ठेवा.

त्याहून वाईट डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही करायची सोय. ते चालू असेल आणि डोमेनवाल्याकडचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीची खात्री पटवणारा) जुन्याच किल्लीचा राहिला, तर सही तपासणाऱ्या डीएनएस सर्व्हरांना तुमचं उत्तर खोटं वाटतं आणि ते साइटचा पत्ताच द्यायला नकार देतात. न तपासणाऱ्यांना सगळं दिसतं. पुन्हा तेच, 'माझ्याकडे तर उघडतंय'. आधी डीएस काढा, त्याचा टीटीएल संपू द्या, मग नेमसर्व्हर बदला.

आता माझा लाडका राग. गूगलबॉटचं नाव सांगून येणारे तोतये भरपूर असतात, म्हणून होस्टवाले नाव बघून सरसकट अडवतात आणि खराही त्यात सापडतो. खरा ओळखायला आयपीवरून उलटं नाव विचारायचं. ते गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉमवर संपलं पाहिजे, आणि त्या नावाचा आयपी पुन्हा काढला तर तोच आला पाहिजे. 'आम्ही अडवलेलं नाही' या होस्टच्या वाक्यावर मी कधीच थांबत नाही, नोंदींची फाइल मागते. चक्रधरांनी मागितली म्हणून तर दोन्हीकडच्या आकड्यांचा मेळ बसत नाही हे कळलं.

आडवातिडवा
१० तारीख, सकाळी ११:४०

वाखू (वाचनखूण) साठवली.

होस्टला उगाच शिव्या दिल्याचंही एक उदाहरण माझ्या खात्यावर आहे. मी २०२४च्या मार्चच्या सुरुवातीला हललो आणि आठवड्याभरात आपटलो. होस्टच वाईट म्हणून चिडून परत जुन्याकडे. तरी खालीच. मग लक्षात आलं की ५ मार्चला गूगलचा कोअर अपडेट (क्रमवारी लावायच्या पद्धतीतला मोठा बदल) सुरू झाला होता आणि तो ४५ दिवस, १९ एप्रिलपर्यंत चालला. क्रॉल स्टॅट्स आधी बघितले असते तर तिथे काहीच बिघडलेलं नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. पानं सगळी यादीत होती, फक्त खाली गेली होती. चक्रधरांची यादीतून गळत होती. हा फरक मला तेव्हा कोणी सांगितला असता तर एक फेरा वाचला असता.

खारूताई
१२ तारीख, सायंकाळी ६:१५

माझ्याकडेही एएएए निघाला! अजून हलले नव्हते. टीटीएल दोन्हीचा ३०० केला आहे.

प्रमाणपत्राचा एक प्रश्न राहिला. नव्या सर्व्हरवर ते आधी कसं घेऊ? नवा होस्ट म्हणतो डोमेन आधी माझ्याकडे वळवा, मग देतो.

भिंगरी
१२ तारीख, सायंकाळी ६:५०

जुन्यावरचं प्रमाणपत्र आणि त्याची किल्ली उतरवून घ्या आणि नव्यावर चढवा, मुदत असेपर्यंत चालतं. किंवा डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद टाकून मालकी पटवायची वाट आहे, त्याला डोमेन वळवावं लागत नाही. 'आधी वळवा, मग घेऊ' केलंत तर मधल्या वेळात येणाऱ्याला लाल पाटी दिसते. साइटीवर एचएसटीएस ('फक्त सुरक्षित जोडणीनेच या' असा ब्राउझरला हुकूम) चालू असेल तर वाचकाला 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा मिळत नाही.

चक्रधर
२९ तारीख, रात्री ९:३०

खबर द्यायला आलो.

एएएए काढल्यावर दुसऱ्या दिवसापासून लाइव्ह चाचण्या सगळ्या पास. क्रॉल स्टॅट्समधलं ४०४ चार दिवसांत पूर्वीइतकं खाली आलं. यादीतली दीडशे पानं आता अकरावर आहेत, आणि त्यातली सहा मी खरोखर काढून टाकलेली आहेत. 'चेन वारंवार का उतरते' हाताने सुचवल्यावर दोन दिवसांत परत आला, पण पहिल्या पानावर नाही. आठवडाभर दुसऱ्या पानावर होता, काल पहिल्या पानाच्या तळाशी दिसला. फारसे वाचले न जाणारे जुने लेख हळूहळू येताहेत, गूगलला त्यांची घाई दिसत नाही. एकूण वाचक पूर्वीच्या तीन चतुर्थांश.

जुन्या होस्टला लिहिलं होतं. खातं थांबवल्यावर काही दिवस ते माहिती पुसत नाहीत म्हणे, त्यांनी डेटाबेसची प्रत दिली. त्यात त्या दोन प्रतिक्रिया मिळाल्या, आता योग्य जागी लावल्या आहेत. एक नुसतीच 'छान लेख'. दुसऱ्यात एकाने लिहिलं होतं की पेडल काढायच्या लेखात डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मी सांगितलेलंच नाही, आणि त्यामुळे त्याने जोर लावून लावून आणखी घट्ट केलं. महिनाभर त्याला वाटत असेल की मी ती मुद्दाम उडवली. लेख दुरुस्त केला, त्यालाही ईमेल टाकली आहे.

झटपट
२९ तारीख, रात्री ९:५२

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात?? थांबा, खाली जाऊन येतो.